पुरा, पेठ, फैल आणि कँप

बाहेरगावचा माणूस शहरात येतो तेव्हा तो कुठे राहतो? तिथेच का राहतो? आणि त्याच्या मागून त्याच्याच गावची, त्याच्याच बोलीची माणसे त्याच्याच भोवती का गोळा होतात? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे. ऐकायला तो मुंबई-लंडनचा वाटतो. पण तो समजून घ्यायला वऱ्हाडातल्या माणसाला लांब जायचे कारण नाही. अमरावती आणि अकोला ही आपली दोन शहरे पुष्कळ आहेत.

खेड्यातल्या माणसाला तर हा विषय जन्मापासून पाठ असतो. गावात माळीपुरा असतो, तेलीपुरा असतो, कुंभारांची आळी असते. गावकुसाबाहेर कोणाला ठेवले होते, तेही सर्वांना ठाऊक आहे. कोण कुठे राहतो यावरून कोण कोणाचा, हे गावात न विचारता कळते. शहरातही असेच असते. फरक इतकाच की शहरातल्या वस्त्यांची नावे रोज तोंडात असूनही आपण ती वाचीत नाही. ती नावे आज जरा वाचून पाहू.

आपल्याकडे ही नावे मुख्यतः चार शब्दांनी संपतात: पुरा, पेठ, फैल आणि कँप. ह्या चार शब्दांत वऱ्हाडच्या शहरांचा दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी पुरा नि पेठ. अचलपूर हे वऱ्हाडच्या सुलतानांचे जुने राजधानीचे शहर, आणि ते सगळे पुऱ्यापुऱ्यांनी बनलेले आहे. एखाद्या सरदाराने वा साहुकाराने जागा घ्यायची, आपली माणसे आणून बसवायची, की झाला पुरा. म्हणजे त्या काळी वस्ती पडत असे ती आसरा देणाऱ्याच्या भोवती.

अमरावतीची गोष्ट थोडी निराळी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अकोल्याच्या तालुकदाराच्या जाचाला नि वसुलीला कंटाळून पुष्कळ लोक अकोला सोडून अमरावतीला आले आणि त्यामुळे अमरावती भरभराटली, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. मौज पाहा! आज अकोलेकर नि अमरावतीकर एकमेकांच्या शहराची थट्टा करतात. पण अमरावतीच्या भरभराटीला हातभार लावणारे पाहुणे अकोल्याचेच होते.

हे लोक अमरावतीलाच का आले? कारण तिथे दोन गोष्टी होत्या: कापसाचा व्यापार आणि जिवाची शाश्वती. ही शाश्वती पुढे दगडामातीची झाली. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून गावातल्या श्रीमंत व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून १८०७ साली परकोटाचे काम सुरू झाले आणि १८२१च्या सुमारास ते पुरे झाले. परकोटाला पाच दरवाजे नि चार खिडक्या. नागपुरी गेट, खोलापुरी गेट, अंबागेट, माताखिडकी ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरते. परकोटाच्या आत व्यापारी आला, व्यापाऱ्याच्या मागे मुनीम आला, तोलणारा आला, हमाल आला, बैलगाडीवाला आला. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांच्या पाठीवरून कापूस थेट कलकत्त्याकडे रवाना केला, असे त्याच जुन्या नोंदीत लिहिलेले आहे. तेव्हा वऱ्हाडात रेल्वेचा रूळही पडला नव्हता. एक लाख बैल म्हणजे त्यांच्या मागे माणसे किती असतील, याचा हिशेब शेतकरी बंधूंनी मनाशी करावा.

कापसाच्या ह्या ओढीने राजस्थानातून मारवाडी आले, गुजरातेतून गुजराती आले, कच्छी मेमन आणि बोहरा आले. ते गावभर विखरून राहिले नाहीत. बाजारपेठेच्या अवतीभोवती, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहिले. याला आपण सहज म्हणतो, "ते लोक आपसात राहतात." पण जरा त्यांच्या बाजूने पाहा. शेकडो कोस दूर आलेला माणूस. पेढी नाही, बँक नाही, कोर्टाचा भरवसा नाही. उधार मागायचे ते कोणाजवळ? ज्याला आपले गाव, आपला बाप, आपली पत माहीत आहे त्याच्याजवळ. शेजार हीच त्याची बँक होती. मुलीचे लग्न, आजारपण, मयत ह्या तिन्ही प्रसंगी जो धावून येणार तो हाकेच्या अंतरावर असावा, असे कोणाला वाटणार नाही?

आणि म्हणून असे राहणारी माणसे कायमची परकी राहतात असेही नाही. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी मारवाडी घराण्यातले. परंतु स्वातंत्र्याच्या चळवळीत ते वऱ्हाडचे पुढारी झाले, आणि लोकांनी त्यांना 'विदर्भकेसरी' म्हटले. पेठेत राहणारा माणूस पेठेपुरताच राहतो, असा नियम नाही.

आता फैल आणि कँप ह्यांच्याकडे वळू. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. साहेब गावात राहत नसे. तो गावाबाहेर, मोकळ्या हवेत, बंगल्यात राहत असे, आणि त्या भागाला कँप म्हणत. अमरावतीचा कँप भाग असाच झाला. पण साहेबाला पाणी भरायला, घोडा पाहायला, कागद पोचवायला माणूस लागे. त्या माणसाने राहावे कुठे? कँपाच्या जवळ एक वस्ती आहे, तिचे नाव चपराशीपुरा. नावच सगळे सांगते. चाकरी करणारा चाकरीच्या जागेपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर राहतो. गरीब माणसाच्या वस्तीचा हा नियम तेव्हाही होता, आजही आहे. मोठ्या बंगल्यांच्या कॉलनीजवळ आज जी लहान घरांची रांग दिसते, ती तिथे फुकट येऊन पडलेली नाही. त्या बंगल्यांतली भांडी, धुणी नि राखण त्या रांगेतूनच चालते.

रेल्वे आली तेव्हा आणखी एक मांडणी झाली. १८६७ साली मुंबईची गाडी वऱ्हाडातून नागपूरला पोचली. अमरावती मुख्य रुळावर नव्हती, बडनेरा होते. बडनेऱ्याला आज जुनी वस्ती आणि नवी वस्ती असे दोन भाग आहेत. स्टेशन, गिरणी, जिनिंग नि प्रेसिंग यांच्या कामाला जी माणसे आली त्यांनी नवे गाव घडवले. अकोल्याला मोर्णा नदीच्या एका बाजूला किल्ल्याजवळचे जुने शहर, दुसऱ्या बाजूला स्टेशन नि बाजार. नवे येणारे बहुतेक ह्या दुसऱ्या बाजूला वसत गेले. तिथेच आपल्याला 'फैल' हा खास विदर्भाचा शब्द भेटतो. अकोट फैल हे त्याचे नाव सर्वांच्या ओळखीचे. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल ह्या दोन्ही आता बंद आहेत. भोंगे थांबले, पण भोंग्याच्या आवाजाने जमलेल्या वस्त्या उठल्या नाहीत. काम जाते, वस्ती राहते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण तोवर तिथे शाळा झालेली असते, देऊळ, मशीद वा विहार झालेला असतो, आणि मुख्य म्हणजे शेजार झालेला असतो.

श्रोते हो, आता थोडे थांबून हिशेब मांडू. बाहेरचा माणूस कुठे राहील हे तीन गोष्टींवर ठरते: ओळख, काम आणि जागा. ओळखीचा माणूस जिथे असेल, काम जिथून जवळ पडेल, आणि जागा जिथे परवडेल, तिथे तो जातो. तिन्ही एके ठिकाणी जमले तर उत्तम. न जमले तर आधी ओळख. आपल्या एस. टी.च्या स्टँडवर हे संभाषण रोज ऐकू येते: "कोठी चाल्ला रे?" "अमरावतीले." "तठी कोन हाये?" "मामाचा पोरगा हाये नं!" ह्या मामाच्या पोराच्या खोलीतच पुढच्या वस्तीचे बी पडलेले असते.

परंतु काही वेळा माणूस स्वतः जागा निवडीत नाही. इतिहास त्याला उचलून टाकतो. १९४७ साली देशाची फाळणी झाली. पंजाब नि बंगाल ह्या प्रांतांचा निदान काही भाग तरी इकडे राहिला. सिंध सगळाच्या सगळा पलीकडे गेला. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली, आणि त्यानंतर तर सिंधी हिंदूंचे लोंढेच निघाले. दहा-बारा लाख माणसे. इकडे त्यांच्या भाषेचा एकही जिल्हा नव्हता की जिथे जाऊन म्हणावे, हे आपले घर. ह्यांच्याजवळ ओळख नव्हती, काम नव्हते. उरली फक्त जागा. आणि ती सरकार देईल ती.

सरकारजवळ कोणती जागा रिकामी होती? महायुद्ध नुकतेच संपले होते. सैनिकांच्या बराकी ओस पडल्या होत्या. कल्याणजवळच्या लष्करी कँपात निर्वासित उतरवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या जागी उल्हासनगरची पायाभरणी झाली. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना कँप नंबर सांगतो. कोल्हापूरजवळ वळिवड्याला तर फार नवलाची गोष्ट घडली. महायुद्धात देशोधडीला लागलेले पाच हजारांच्या आसपास पोलंडचे लोक, त्यांत बायका-मुले फार, १९४३ पासून तिथल्या छावणीत राहत होते. १९४८ मध्ये ते गेले, आणि त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले. एका देशाच्या दुःखाने रिकामी केलेली खोली दुसऱ्या दुःखाने भरली. आज त्या जागी गांधीनगर आहे, आणि दक्षिण महाराष्ट्रातले दुकानदार तिथे घाऊक कापड घ्यायला जातात.

आपल्या विदर्भातही हेच झाले. नागपूरला जरीपटका वसला, अमरावतीला रामपुरी कँप, अकोल्याला सिंधी कँप. अकोल्याच्या सिंधी कँपात पक्की खोली आणि कच्ची खोली अशा दोन वस्त्यांची नावे आजही पत्त्यात लिहितात. एवढ्या दोन शब्दांत किती सांगून झाले! कोणाच्या वाट्याला पक्क्या भिंती आल्या, कोणाच्या वाट्याला कच्च्या. पुढे कच्चीच्याही पक्क्या झाल्या, पण नाव राहिले. जवळच खदान आहे. खदान म्हणजे दगडाची खाण. शहराने जी जमीन स्वतःला नको म्हणून सोडलेली असते, तीच बहुधा नव्या माणसाच्या वाट्याला येते: खाणीजवळची, नाल्याकाठची, स्मशानापलीकडची.

ह्या लोकांनी पुढे काय केले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. ज्याच्याजवळ शेत नाही, सरकारी नोकरीची ओळख नाही, स्थानिक भाषा नाही, त्याने करावे काय? थोड्या भांडवलात जो धंदा होतो तो. डोक्यावर गठ्ठा घेऊन कापड विकणे, गोळ्या-बिस्किटे विकणे, थोडा नफा घेऊन पुष्कळ विकणे. माल उधार मिळे तो शेजाऱ्याकडून; आणि उधारी बुडवणार नाही याची हमी शेजारच देई, कारण बुडवून जाणार कुठे? म्हणजे मारवाडी पेठेला जे शेजाराने दिले, तेच कँपाने सिंध्याला दिले. आज अमरावतीच्या नागपूर रस्त्यावर नांदगाव पेठेजवळ बिझिलँड, सिटीलँड ह्या घाऊक कापडाच्या मोठ्या बाजारपेठा आहेत. तिथल्या व्यापाऱ्यांत पुष्कळ घरे कँपातून वर आलेली आहेत. अमरावतीच्या एका वस्तीचे नाव कंवरनगर आहे. सिंधचे गायक संत कंवरराम, ज्यांची १९३९ साली हत्या झाली, त्यांचे ते नाव. गाव सुटले तरी गावचा संत माणूस बरोबर घेऊन येतो.

मात्र भाषेची किंमत त्यांना मोजावी लागली. १९६७ साली सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली. तरी नातवंडे शाळेत मराठी-हिंदी-इंग्रजी शिकली, दुकानात वऱ्हाडी बोलू लागली. आजीची भाषा घरात मंद होत गेली. आणि दुसरी किंमत जागेची. घर उभे राहते, पण त्याखालच्या जमिनीचा पट्टा नावावर व्हायला किती वर्षे जातात, हे निर्वासितांच्या वसाहतीत राहणाऱ्याला आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याला विचारावे. दोघांचे उत्तर सारखेच येईल.

आता एक प्रश्न गुरुजनांसाठी. माणसे एकत्र राहतात याचा अर्थ त्यांना इतरांचा तिटकारा आहे असा होतो काय? थॉमस शेलिंग नावाचे एक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होते; पुढे २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९७१च्या सुमारास ह्या प्रश्नावर एक साधा खेळ मांडून दाखवला. तो आपल्याला वर्गातही करता येईल. पाटीवर आडवी-उभी आठ-आठ घरे काढा. बावीस दाणे जवारीचे, बावीस तुरीचे, कसेही पसरून ठेवा, एका घरात एक. वीस घरे रिकामी राहतील. नियम एकच: एखाद्या दाण्याच्या आजूबाजूला जे शेजारी दाणे असतील, त्यांत निदान एक तृतीयांश आपल्या जातीचे असले की तो खूष, नसले तर त्याने उठून जवळच्या सोयीच्या रिकाम्या घरात जावे. पाहा, प्रत्येक दाणा दोन तृतीयांश परके शेजारी आनंदाने चालवून घेतो आहे. एवढा सहनशील दाणा! तरी मुलांनी थोडा वेळ दाणे हलवले की पाटीवर जवारीची नि तुरीची वेगवेगळी शेते तयार झालेली दिसतात.

ह्यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली ही की वस्ती वेगळी पडली म्हणून लगेच मनात वैर आहे असे समजू नये. कोणाचे वैर नसतानाही फक्त 'दोन-तीन शेजारी आपले असावेत' एवढ्या इच्छेने शहर वाटले जाते. दुसरी गोष्ट ही की, म्हणूनच, शहर आपोआप मिसळेल अशी वाट पाहत बसूनही चालत नाही. मिसळण्यासाठी मुद्दाम काही करावे लागते.

परंतु श्रोते हो, पाटीवरचे दाणे आणि माणसे यांत एक मोठा भेद आहे. दाणा स्वतः उठून जातो. माणसाला पुष्कळदा दार लावून घेतले जाते. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत आले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. शेवटी ते एका पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहिले, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले. विद्या होती, हुद्दा होता, भाडे द्यायला पैसा होता. नव्हते ते फक्त दार उघडणारे मन. खेड्याचा जाच चुकवून शहरात आलेल्या दलित बांधवांनी गावोगावी जी भीमनगरे, सिद्धार्थनगरे उभी केली, ती निव्वळ हौसेने एकत्र राहायचे म्हणून नव्हेत. दुसरीकडे घर मिळत नव्हते, हेही त्यामागे होते. आणि घर दाखवण्याआधी आडनाव विचारायची रीत आजही गेलेली नाही. धर्म विचारतात, काय खाता ते विचारतात, एकटी मुलगी असेल तर आणखी दहा प्रश्न विचारतात.

तेव्हा एकत्र राहणे दोन प्रकारचे आहे. एक आधाराचे, एक कोंडवाड्याचे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ओळखायचे कसे? तीन प्रश्न विचारावेत. त्या वस्तीतल्या माणसाने पैसा जमवून दुसरीकडे घर मागितले तर त्याला ते मिळते काय? त्याची मुले आणि इतरांची मुले एका शाळेत, एका बाकावर बसतात काय? आणि नळ, नाली, रस्ता, दवाखाना त्या वस्तीत इतर भागांइतकाच पोचला आहे काय? तिन्हींचे उत्तर होय असेल तर ती वस्ती म्हणजे पेठ. तिथे राहणारा खुशीने राहतो. नाही असेल तर तिला नाव काहीही द्या, तो कोंडवाडा आहे.

हे सगळे दुसऱ्यांविषयी झाले. आता आपल्याविषयी बोलू. कारण आज बाहेरचा माणूस आपणच आहोत.

मुंबईच्या गिरणगावात एके काळी कोकणातल्या एका गावची दहा-वीस माणसे एका खोलीत राहत. खोली गावाची, झोपायच्या पाळ्या लावलेल्या, जेवण खानावळीत. गोव्याच्या लोकांनी धोबीतलावाजवळ आपापल्या गावाच्या नावाने कूड काढले होते. बोटीवर नोकरी शोधणारा गोवेकर आपल्या गावच्या कुडात ट्रंक ठेवी आणि निर्धास्त होई. आज अमरावतीहून, अकोल्याहून रात्रीच्या गाडीने नि ट्रॅव्हल्सने पुण्याला जाणारा आपला पोरगा काय निराळे करतो? तो पुण्याच्या जुन्या पेठांत राहत नाही. काम चाकणला, भोसरीला, हिंजवडीला असते. म्हणून तो त्याच बाजूला, तालुक्याच्या चार पोरांबरोबर एका खोलीत राहतो. जुन्या काळी बाहेरचा माणूस शहराच्या मध्यावर उतरे आणि पैसा झाला की कडेला जाई. आता काम शहराच्या कडेला गेले, म्हणून नवा माणूस थेट कडेलाच उतरतो. इंग्लंड-अमेरिकेतही हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या पश्चिमेला साउथॉल येथे पंजाबी लोक वसले. कारण जवळच्या एका रबराच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले, आणि पुढे हीथ्रो विमानतळाचे काम मिळाले. न्यूयॉर्कला पूर्वी इटलीचे, चीनचे लोक शहराच्या पोटात दाटीने राहत. आता आपल्याकडून गेलेले पुष्कळ लोक न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या उपनगरात राहतात. जागा बदलल्या, पण ओळख, काम आणि जागा हा तिढा तोच आहे.

शेतकरी बंधूंनो, मुलाला शहरात धाडताना गावच्या माणसाकडे धाडा, हे योग्यच आहे. पहिली रात्र, पहिले जेवण, पहिली नोकरी ओळखीनेच मिळते. पण एक धोका लक्षात घ्या. ज्या खोलीतले पाचही जण एकाच कारखान्याच्या एकाच ठेकेदाराकडे जातात, त्या खोलीला दुसऱ्या कामाची बातमी लागत नाही. आणि तो ठेकेदार बसला की पाचही जण एका दिवशी घरी बसतात. आपल्या माणसांनी पहिले दार उघडून दिले, तरी दुसरे दार परक्या माणसाच्या ओळखीने उघडते. म्हणून मुलाला सांगा: राहा गावच्या पोरांत, पण संध्याकाळी चार नवी माणसेही जोड. आणि खोलीचा करारनामा कागदावर करून घे.

हे दुसरे दार उघडायची युक्ती आपल्या वडीलधाऱ्यांनी फार आधी ओळखली होती. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले ते ह्याच विचाराने. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली मुले, निरनिराळ्या जातींची, एका छपराखाली राहिली, एका पंगतीत जेवली. मिसळायला मुद्दाम काही करावे लागते असे मघाशी म्हटले, त्याचे हे घरचे उदाहरण. आज विद्यापीठामुळे नि महाविद्यालयांमुळे अमरावतीत गाडगेनगर, कठोरा नाका ह्या बाजूला, आणि कृषी विद्यापीठामुळे अकोल्यात, भाड्याच्या खोल्यांतून हजारो खेड्यांतली मुले-मुली राहतात. ज्यांची तिथे घरे आहेत त्यांच्या हाती हे आहे की, आडनाव विचारायचे की नाव विचारायचे.

गुरुजनांना एक विनंती. आपल्या तालुक्याच्या गावाचा, नाहीतर जिल्ह्याच्या शहराचा एक साधा नकाशा फळ्यावर काढा. त्यात पुरे, पेठा, फैल, कँप, नगरे नि ले-आऊट मुलांकडून भरून घ्या. प्रत्येक नावापुढे तीन रकाने ठेवा: कोण आले, कुठून आले, कशासाठी आले. मुले घरी आजी-आजोबांना विचारून येतील. मग ध्यानात येईल की ज्यांना आपण अस्सल गावकरी समजतो, त्यांच्यातलेही किती जण कोणत्या तरी दुष्काळात, कोणत्या तरी जाचामुळे, नाहीतर कापसाच्या बोंडाच्या ओढीने कुठून तरी आलेले आहेत. फरक असेल तो फक्त आधी आणि नंतरचा.

आपल्या गावात उद्या कोणी बाहेरचा येईल. विटभट्टीवर येईल, पुलाच्या कामावर येईल, दुकान टाकायला येईल. त्याची भाषा निराळी असेल, आणि तो आपल्या चार माणसांना धरून राहील. त्या वेळी पुण्याच्या कडेला दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा आपला पोरगा आठवावा. त्याला तिथल्या लोकांनी जसे वागवावे असे आपल्याला वाटते, तसेच आपण ह्याला वागवावे. त्याच्या मुलाचे नाव शाळेत घालून घ्यावे, नळावर त्याच्या बायकोला पाळी मिळू द्यावी. एवढे झाले तर त्याची वस्ती कँप राहणार नाही. तिची पेठ होईल, आणि ती आपल्याच गावाची असेल.